पाठकोरे

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की मला कोर्टात उभ्या राहिलेल्या आरोपीसारखे वाटू लागते. त्या आठ दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूला आपण घरात का आहोत याचे कारण सांगावे लागते. पितळेचे डबे सांगतात, आम्ही फराळाला लागतो. जुन्या सतरंज्या सांगतात, भाऊबीजेला माणसे आली म्हणजे आम्ही लागतो. पाय मोडलेला पाटसुद्धा काहीतरी सबब काढून सुटतो. सबब सुचत नाही ती एकट्या माझ्या लोखंडी पेटीला. सौ. कमरेला पदर खोचून तिच्यापुढे उभी राहते आणि दर वर्षीचा प्रश्न दर वर्षीच्याच आवाजात विचारते, "अहो, यंदा तरी ही रद्दी काढायची का?"

त्या पेटीत निवडणुकांची जुनी पत्रके आहेत. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी, आणि मुळात कोणत्या रंगाची होती हे आता सांगता येणार नाही अशी. ती मी गेली साठ वर्षे जमवीत आलो आहे. लोक टपालाची तिकिटे जमवतात, नाणी जमवतात, काड्यापेट्यांची चित्रे जमवतात, आणि त्या छंदांना थोडाफार मानही असतो. तिकिटाला निदान किंमत छापलेली असते, नाण्यात निदान धातू असतो. पत्रकात काय असते? ते छापतात तेच मुळी वाटेल तिथे टाकण्यासाठी. गाडीवरचा माणूस ते हवेत फेकतो आणि ज्याच्या हाती पडते तो वाचून, किंवा न वाचताच, रस्त्यावर फेकतो. दोनदा फेकलेली वस्तू मी उचलून घरी आणतो, एवढाच माझा गुन्हा.

एकदा मी पेटी उघडून बसलो असता दारावर कबाडीवाला आला. त्याने आशेने एक गठ्ठा उचलला, हातावर तोलला, एक कागद दोन बोटांत चोळून पाहिला आणि माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, "गुरुजी, हा कागद लय पातळ हाय जी. याच्या पुड्याबी नाही बनत." ज्या वस्तूला कबाडीसुद्धा हात लावीत नाही, तिच्यावर माणसाने जीव लावावा हे सौ.ला पटत नाही, आणि तिचे काही चुकते असे मलाही म्हणवत नाही.

हा नाद मला लागला १९६२ साली. नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याला लागले की तिसेक किलोमीटरवर आमची बुटीबोरी येते. आज तिथे मोठी औद्योगिक वसाहत आहे, ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली आहे, आणि रात्री कारखान्यांच्या दिव्यांनी दक्षिणेचे आभाळ पिवळे दिसते. माझ्या लहानपणी मात्र रेल्वेचे स्टेशन, आठवड्याचा बाजार आणि भोवती कापूस-ज्वारीची शेते, एवढ्यातच गाव संपत असे. नवे असे काही गावात येत नसे. म्हणून त्या वर्षी फेब्रुवारीत भोंगा लावलेली जीप आली तेव्हा आम्ही पोरे पाट्या-दप्तरे टाकून तिच्यामागे धुळीतून धावलो. भोंगा काय ओरडत होता ते कळले नाही. पण जीपमधल्या माणसाने मूठ उघडली आणि रंगीत कागद आभाळातून भिरभिरत खाली आले. तोवर आमच्या आयुष्यात आभाळातून फक्त पाऊस आणि गारा आल्या होत्या.

बाकीच्या पोरांनी त्या कागदांच्या होड्या केल्या, पतंगांना शेपट्या लावल्या. मी माझ्या वाट्याचे चार कागद पाटीखाली सपाट करून ठेवले. का ठेवले ते आजही सांगता येत नाही. त्या वर्षी लोकनायक बापूजी अणे वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर स्वतंत्र विदर्भाची मागणी घेऊन नागपुरातून लोकसभेला उभे होते, आणि निवडूनही आले, हे मला पुष्कळ पुढे समजले. तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की कोऱ्या, करकरीत, रंगीत कागदावर कोणीतरी आपल्याला 'बंधु-भगिनींनो' म्हणून हाक मारली आहे, आणि हाक मारणाऱ्याचा कागद असा चुलीत घालणे बरे नाही.

छंद लागला तरी अक्कल लगेच येते असे नाही. हायस्कुलात गेल्यावर मी एक जाड जुनी खातेवही मिळवली आणि सगळी पत्रके तिच्यात ओळीने चिकटवून टाकली. गोंदाला पैसे नव्हते, म्हणून कणकेची खळ केली. खळ मलाच नव्हे, कसरीलाही आवडली. दोन पावसाळ्यांत तिने माझ्या संग्रहातले अनेक थोर पुढारी गळ्यापर्यंत खाल्ले. पण तो तोटा लहान होता. खरी चूक पुढे लक्षात आली. उरलेले कागद वाचवावे म्हणून मी पाने पाण्यात भिजवून पत्रके सोडवू लागलो, तेव्हा एकेका पत्रकाच्या मागून निळसर शाई पाण्यात उतरू लागली. मागे कोणीतरी काहीतरी लिहिलेले होते. मी ते न वाचताच चिकटवले होते, आणि आता ते माझ्या डोळ्यांदेखत परातीतल्या पाण्यात विरघळत होते.

'पाठकोरा' हा शब्द हल्लीच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. एका अंगाला छापलेला आणि पाठीला कोरा राहिलेला कागद तो पाठकोरा. ज्या घरात वर्षाला मोजून चार वह्या येत, त्या घरात पाठकोरा कागद म्हणजे धन होते. निवडणूक आली की गावातल्या प्रत्येक घरात हे धन फुकट येऊन पडे. उमेदवार समजे की आपण विचार वाटतो आहोत, घरे समजत की कागद वाटतो आहे. त्यांच्या पाठीवर मुले पाढे लिहीत, दुकानदार उधारी लिही, बायका धुण्याचा हिशेब लिहीत, आणि सासरी गेलेल्या मुलीला घालायच्या पत्राचा कच्चा खर्डाही होई. त्या परातीपासून मी एक नेम केला. पत्रक हाती आले की आधी पाठ पाहायची, मग तोंड. आणि खळ, गोंद, चिकटपट्टी यांतले काहीही कागदाला पुन्हा लावायचे नाही. आता प्रत्येक पत्रक सुटे, साध्या कागदाच्या घडीत, आणि घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळला पाला.

तोंडाच्या बाजूलाही पाहण्यासारखे पुष्कळ असते. माझ्याकडची सर्वांत जुनी पत्रके १९५२ ची आहेत. ती मी अर्थातच पुढे, जुन्या ट्रंकांच्या तळांतून आणि फडताळांच्या फळ्यांवरून गोळा केली. त्यांवर 'मध्यप्रदेश विधानसभा' असे छापले आहे. १९५७ च्या पत्रकांवर 'मुंबई राज्य' आहे. १९६२ च्या पत्रकांवर 'महाराष्ट्र' आहे. तीन निवडणुका, तीन राज्ये, आणि मतदार तेच. १९५२ साली नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मधल्या काळात, १९५५ साली, राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य करावे अशी शिफारस केली होती, ती कागदावरच राहिली. आमच्या गावातला म्हातारा आपल्या ओट्यावरून न उठता तीन राज्यांचा रहिवासी झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येते. पण तीन पत्रके शेजारी शेजारी मांडली की तो ओटा डोळ्यांपुढे उभा राहतो.

मत कसे द्यायचे हेही पत्रकेच शिकवीत. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचे चित्र चिकटवलेले असे, आणि मतदाराने आपला कागद आवडत्या चित्राच्या पेटीत टाकायचा असे. म्हणून त्या वेळची पत्रके सांगतात, 'टाका'. पुढे सगळ्या चित्रांची एकच मतपत्रिका आली आणि शिक्का आला. तेव्हापासून पत्रके सांगू लागली, 'मारा'. २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रे आली, आणि आता पत्रके सांगतात, 'दाबा'. टाका, मारा, दाबा: या तीन क्रियापदांत आपल्या लोकशाहीचे सारे यांत्रिक चरित्र आले असे मला कधी कधी गमतीने वाटते.

आणि चित्रे! पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात शंभरांतल्या ऐंशीहून अधिक माणसांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी पत्रक म्हणजे चित्रच. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. तो हत्ती पुढे रिपब्लिकन पक्षाकडे आला. हा पक्ष स्थापन झाला तोच मुळी नागपुरात, ३ ऑक्टोबर १९५७ ला. बैलजोडी १९६९ च्या फुटीनंतर सुटली, १९७१ ला गाय-वासरू आले, १९७८ मध्ये हात आला. पणती १९७७ साली जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यात विलीन झाली आणि १९८० साली कमळ होऊन बाहेर आली. १९७१ साली विदर्भवादी जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपुरातून निवडून आले. त्या पक्षाचे चिन्ह सिंह, आणि लोक धोट्यांनाच सिंह म्हणत. इतके चपखल चिन्ह माझ्या पेटीत दुसरे नाही.

पत्रकाच्या अगदी तळाशी एक बारीक ओळ असते. बाकी कोणी ती वाचत नाही, संग्राहक मात्र तिथूनच वाचायला लागतो. मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता निवडणुकीच्या पत्रकावर छापलाच पाहिजे असा कायदा १९६१ साली झाला. त्या ओळीमुळे मला कळते की हा कागद महालातल्या छापखान्यातून आला की सीताबर्डीवरच्या, की इतवारीतल्या. हाताने खिळे जुळवून पायाच्या ट्रेडलवर छापलेल्या पत्रकावरून बोट फिरवले की अक्षरांचे दाब बोटाला लागतात. घाईत एखादा खिळा उलटा बसलेला असतो, 'भरघोस'चा 'भरघास' झालेला असतो. ऑफसेट आल्यावर कागद गुळगुळीत झाला, चुका कमी झाल्या, आणि बोटाला काही लागेनासे झाले.

भाषाही बदलत गेली. जुनी पत्रके म्हणजे लांबलचक पत्रेच. 'सुज्ञ मतदार बंधु-भगिनींस सप्रेम नमस्कार' इथून सुरू होऊन 'आपला नम्र' इथे संपणारी. ती पारावर बसून एकाने मोठ्याने वाचायची आणि दहांनी ऐकायची असत. पुढे मजकूर आटत गेला आणि छायाचित्रे वाढत गेली. हल्लीच्या काही पत्रकांत नेत्यांचे इतके चेहरे असतात की उमेदवार कोणता ते शोधावे लागते. कारखाने आल्यावर आमच्याकडे हिंदी पत्रकेही वाढली. रामटेकहून १९८४ आणि १९८९ साली पी. व्ही. नरसिंह राव निवडून गेले, तेव्हा तेलुगू माणूस मराठी मुलखात मते मागतो याचे काहींना नवल वाटले होते. त्यांना ठाऊक नव्हते की याच गृहस्थांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली होती.

आश्वासनांबद्दल तर लोक फार हसतात. मीही पूर्वी हसे. पण पत्रके सालवार लावून वाचली की एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. वीज आणू, असे एका काळचे प्रत्येक पत्रक सांगते. मग एका सालापासून ते वाक्य गायब होते. म्हणजे वीज आली! पुरे झालेले आश्वासन पत्रकातून मुकाट्याने निघून जाते, त्याचे कोणी आभारही मानीत नाही. जे उरते ते न पुरे झालेले. पाणी माझ्या पेटीतल्या पहिल्या पत्रकात आहे आणि शेवटच्याही पत्रकात आहे. एखाद्या गावाला काय मिळाले हे पत्रकांत नसलेल्या शब्दांवरून ओळखावे, आणि काय मिळाले नाही ते असलेल्या शब्दांवरून.

पण एवढे सगळे सांगूनही सौ.चा प्रश्न उरतोच. यंदा तरी ही रद्दी काढायची का? मग मी तिला आयर्लंडची गोष्ट सांगतो. आयर्लंडशी आपले नाते तसे जुने आहे. १८८० साली तिथल्या मेयो परगण्यातल्या शेतकऱ्यांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या साहेबाला वाळीत टाकले आणि इंग्रजीला 'बॉयकॉट' हा शब्द मिळाला. आपण त्याला बहिष्कार म्हणून आपलेसे केले. लोकमान्यांनी १९१६ साली बेळगावला होमरूल लीग काढली, तेही नाव आयरिशांचेच. तर त्या बेटावर, बेलफास्ट शहरात, लिनन हॉल नावाचे एक ग्रंथालय आहे, १७८८ साली स्थापन झालेले. १९६८ साली तिथले ग्रंथपाल जिमी विट्टी शहरातल्या एका मद्यालयात बसले असता त्यांच्या हातात कोणीतरी नागरी हक्कांच्या चळवळीचे पत्रक ठेवले. दुसऱ्या कोणी त्याने टेबल पुसले असते. विट्टींनी ते ग्रंथालयात नेऊन ठेवले. पुढे तीस वर्षे त्या प्रांतात रक्तपात झाला, आणि तीस वर्षे ते ग्रंथालय दोन्ही बाजूंची पत्रके, भित्तिपत्रके, बिल्ले गोळा करीत राहिले. कोण बरोबर, कोण चूक, हे विचारले नाही. आज तो संग्रह अडीच लाखांहून अधिक वस्तूंचा आहे आणि त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला तिथे जावेच लागते. सौ. ही गोष्ट शांतपणे ऐकते आणि म्हणते, "त्यांच्याकडे ग्रंथालय होतं. माझ्याकडे दोन खोल्या आहेत."

तिला उत्तर देणे अवघड आहे. खरे उत्तर मी तिला कधी दिलेच नव्हते, कारण ते मी स्वतःलाही नीट दिले नव्हते. निवडून आलेल्यांची नावे सरकारी पुस्तकांत राहतात, रस्त्यांना लागतात, चौकांत उभी राहतात. पडलेल्यांचे काय? त्यांची अनामत जाते, उपरणे घडी होऊन ट्रंकेत जाते, आणि चार महिन्यांनी लोक नावही विसरतात. त्यांनी एकदा गावाकडे हात जोडून काही मागितले होते, याचा पुरावा म्हणजे तो एवढासा गुलाबी कागद. माझ्या पेटीत जिंकलेल्यांपेक्षा हरलेले कितीतरी अधिक आहेत. आणि त्यांत एक नव्हता, ज्याला मी साठ वर्षे शोधीत होतो.

माझे बाबा एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. ती जीप येऊन गेली त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. सहा एकर कोरडवाहू शेती आणि गावातल्या लोकांचे अर्ज, पत्रे फुकट लिहून देण्याची सवय, एवढ्या भांडवलावर. आपल्या अर्जांनी लोकांची कामे होतात, तर आपणच पंचायतीत बसलो तर अधिक होतील, असा त्यांचा साधा हिशेब असावा. नागपुरात जाऊन त्यांनी पत्रके छापून आणली. मी ती घरोघर वाटली, आणि वाटण्याच्या भरात स्वतःसाठी ठेवायची राहून गेली. जीपमागे धावून परक्यांची पत्रके जमवणाऱ्या पोराला बापाचे पत्रक ठेवायचे सुचले नाही, कारण ते घरात ढिगाने पडले होते. बाबा अकरा मतांनी पडले. दिवाळी तोंडावर होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळीचे पाणी तापवताना त्यांनी उरलेला सारा गठ्ठा चुलीत सरकवला. मला आठवते, त्या दिवशी पाणी लवकर तापले होते.

बाबा पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. लोकांचे अर्ज मात्र शेवटपर्यंत लिहीत राहिले, पडल्यानंतरही, आणि ज्यांनी मत दिले नाही त्यांचेही. त्या दिवाळीतले मला दुसरे काही आठवत नसे. आठवत ती फक्त लवंगी फटाक्यांची लाल माळ, जी मी एकेक फटाका सुटा करून चार दिवस पुरवली होती.

यंदा नवरात्रात वर्ध्याहून ताईचा फोन आला. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. म्हणाली, "बाळू, आईचा कागदांचा डबा काढला होता, अनारशाचं प्रमाण सापडतं का बघायला. त्यात तुझ्या कामाचं काहीतरी आहे. फोनवर नको, तू ये." मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. ताईने डबा पुढे केला. सर्वांत खाली चौघडी केलेला एक फिकट पिवळा कागद होता. मी सवयीने आधी पाठ पाहायला गेलो, तर ती म्हणाली, "आधी पुढून वाच."

पत्रक बाबांचे होते. ना चित्र, ना विशेषण. गावात वाचनालय असावे, बाजाराच्या जागेवर सावली असावी, सगळ्यांच्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता यावे, अशी तीन-चार वाक्ये. मग एक ओळ: 'माझ्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नाही. वेळ आहे, तो देईन.' तळाशी ती बारीक ओळही होती. उमेदवार तेच आणि प्रकाशकही तेच. दुसरा कोणी प्रकाशक मिळाला नसावा. साठ वर्षांत मी असंख्य पत्रके वाचली. इतके लहान आश्वासन कोणी दिलेले मी पाहिले नाही, आणि इतके पुरे केलेलेही.

मग मी कागद उलटला. पाठीवर आईच्या अक्षरात त्या दिवाळीची यादी होती. बाजारात किलो येऊन बसला होता, पण आईच्या हिशेबात अजून शेरच होता. साखर ५ शेर. पाचावर काट मारून २ केले होते. तूप खोडून बाजूला डालडा लिहिले होते. सुके खोबरे खोडले होते. ताईचा परकर खोडला होता. आईच्या लुगड्याचे नाव यादीत मुळातच नव्हते, त्यामुळे ते खोडण्याचा प्रश्न आला नाही. खाली वेगळी रेघ ओढून लिहिले होते, 'छपाई, १२ रुपये'. आणि त्या सगळ्या काटाकाटीत एकच ओळ स्वच्छ उभी होती: 'बाळूचे फटाके, १ रुपया'.

मला काय बोलावे ते सुचेना. ताई मात्र खोडलेल्या परकरावर बोट ठेवून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवाळीला सगळ्या मैत्रिणींना परकर आले. मला नाही. मी कुणाला बोलले नाही, पण आई विसरली असंच मला वाटत होतं. इतकी वर्षं वाटत होतं. ती विसरली नव्हती रे. बघ, लिहिलं होतं तिने."

पंचाहत्तरी ओलांडलेली माझी बहीण एक खोडलेला शब्द पुन्हा पुन्हा वाचीत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला दुःख म्हणता येणार नाही. ज्याला परकर मिळाला नाही त्यालाही, तो परकर कोणाच्या मनात होता एवढे समजले, तरी पुष्कळ मिळते. आणि ज्याला फटाके मिळाले होते तो मी, मान खाली घालून बसलो होतो. एका माणसाने गावापुढे हात जोडावे म्हणून घरातल्या कोणी काय काय सोडले, हे कोणत्याही पत्रकाच्या तोंडावर छापलेले नसते. ते पाठीवर असते, आणि तेही कोणी लिहून ठेवले तर. माझ्या खळीने मी असल्या किती पाठी बुजवल्या असतील, त्या परातीच्या पाण्यात किती घरांच्या दिवाळ्या विरघळल्या असतील, हा विचार परतीच्या गाडीत माझी पाठ सोडीना.

कागद ताईने ठेवावा असे मी म्हटले. ती म्हणाली, "नको, तुझ्या पेटीत राहू दे. तिथे बाबांना सोबत आहे." तिने फक्त पाठीची एक छायाप्रत काढून घेतली.

घरी आल्यावर मी तो कागद सौ.च्या हातात दिला. तिने चष्मा लावला, पुढून वाचले, मागून वाचले, आणि काही न बोलता आत गेली. दोन्ही अंगांनी दिसेल अशा पारदर्शक पाकिटात मी तो घातला. पेटीतले कागद सालवार असतात, पण याला मी सालाप्रमाणे जागा दिली नाही, सर्वांत वर ठेवला.

आमची साफसफाई परवा झाली. डबे निघाले, सतरंज्या उन्हात पडल्या, पाट पुन्हा सुटला. पेटीची पाळी आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे सबब शोधीत उभा होतो. सौ. अंगणातून कडुनिंबाचा पाला घेऊन आली, खाटेवर वाळत घातला आणि म्हणाली, "जुना पाला काढा. त्याचा वास गेलाय." मग किराण्याची यादी करायला बसली. जवळ कागद नव्हता, म्हणून तिने टेबलावरचे मागच्या निवडणुकीचे एक पत्रक ओढले, उलटे केले आणि पहिली ओळ लिहिली: साखर. मी तिला अडवले नाही. फक्त म्हटले, "लिहून झालं, की तो कागद मला दे."